पुढे दुकान, मागे शाळा

अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यात, चार्ल्सटन शहराजवळ, जॉन्स आयलंड नावाचं बेट आहे. १९५७ च्या जानेवारीत तिथं एक रात्रीचा वर्ग सुरू झाला. वर्गाची जागा अशी : पुढच्या अंगाला बेटावरच्या कृष्णवर्णीयांनी मिळून चालवलेलं वाण्याचं दुकान आणि मागे दोन खोल्या. दुकान विक्रीसाठी होतंच, पण आडोशासाठीही होतं. रस्त्यानं जाणाऱ्या गोऱ्या माणसाला वाटावं, मंडळी मीठ-साखर घ्यायला जमलीत. मागच्या खोलीत कुणी अक्षरं गिरवतंय, हा वास त्याला लागायला नको होता.

लिहावाचायला शिकणं ही चोरून करायची गोष्ट का झाली? त्या राज्यात मतदार म्हणून नाव नोंदवायचं, तर राज्यघटनेतलं एखादं कलम कारकुनासमोर वाचून दाखवावं लागे. बेटावरच्या बहुतेकांचे आजे-पणजे गुलाम होते. शाळा नावापुरत्या, आणि मुलं शेतावर राबायला. वाचता येत नाही म्हणून मत नाही, मत नाही म्हणून कुणी विचारत नाही, आणि कुणी विचारत नाही म्हणून धड शाळा नाही. गाडं असं वर्षानुवर्षं रुतलेलं.

बेटावर एसॉ जेन्किन्स नावाचे गृहस्थ बस चालवत. सकाळी बेटावरच्या माणसांना चार्ल्सटनला कामावर पोचवायचं, संध्याकाळी परत आणायचं. एकदा बसमधल्या एका बाईनं त्यांना गळ घातली, की मला वाचायला शिकवा, मला मत द्यायचंय. जेन्किन्सनी कलमाच्या प्रती काढून बसमध्येच वाटल्या आणि जाता-येता उतारूंकडून ते म्हणून घ्यायला सुरुवात केली. त्या बाईनं कलम तोंडपाठ केलं, कारकुनापुढे घडाघडा म्हटलं आणि नाव नोंदवून घेतलं. तरी तिचं समाधान झालं नाही. पाठ म्हणणं वेगळं आणि वाचणं वेगळं, हे तिला नेमकं कळलं होतं. (जगभरच्या कित्येक सरकारी साक्षरता मोहिमांना हे शेवटपर्यंत कळलं नाही.) तिला खरोखरीचं वाचायचं होतं.

जेन्किन्स याआधी टेनेसी राज्यातल्या हायलँडर फोक स्कूल या संस्थेत जाऊन आले होते. तिथली शिबिरं सेप्टिमा क्लार्क बघत. क्लार्कबाई मूळच्या चार्ल्सटनच्याच, जन्म १८९८ चा. आयुष्यभर शिक्षिकेची नोकरी केलेली. १९५६ साली राज्यानं फर्मान काढलं, की कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचं सभासदत्व आणि सरकारी नोकरी एकत्र चालणार नाही. बाईंनी सभासदत्व लपवलं नाही. नोकरी गेली, पेन्शनही गेलं.

आता दुकानामागच्या वर्गाला शिक्षक कोण नेमायचा? इतकी वर्षं स्वतः शिकवलेल्या क्लार्कबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं, की शिक्षक नकोच. पेशानं शिक्षक असलेला माणूस पहिल्या दिवशी फळ्यावर तारीख लिहितो आणि समोरच्या साठीच्या माणसाला पोर समजायला लागतो. मग निवड झाली बर्निस रॉबिन्सन यांची. क्लार्कबाईंच्या नात्यातल्याच. चार्ल्सटनमध्ये त्या बायकांचे केस करून देण्याचा व्यवसाय करायच्या. त्यांच्या गिऱ्हाइकात कुणी गोरं नव्हतं, त्यामुळे पोटावर पाय येण्याची भीती नव्हती. आणि बायका ब्युटी पार्लरमध्ये खुर्चीत बसल्या की काय काय बोलतात, हे ऐकायची सवय होती. प्रौढांना शिकवायला याहून मोठी पात्रता मला तरी ठाऊक नाही.

रॉबिन्सनबाईंनी आधी जायला नकार दिला. मग ओळखीच्या शिक्षिकांकडून प्राथमिक शाळेची पुस्तकं मागून घेऊन गेल्या. पहिल्या रात्री चौदा माणसं समोर बसली, आणि ती चित्रांची पुस्तकं त्यांच्यापुढे ठेवायची बाईंनाच लाज वाटली. पुस्तकं बाजूला सारली. मी काही शिक्षिका नाही, आपण मिळून शिकू, असं सांगून त्यांनी विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कुणाला आपलं नाव लिहायचं होतं. कुणाला बायबल वाचायचं होतं. कुणाला टपालानं माल मागवायच्या कॅटलॉगचा फॉर्म भरायचा होता, मनीऑर्डर करायची होती. कुणाची मुलं दूर कामाला गेलेली, त्यांची पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा कंटाळा आलेला. घरातली गोष्ट शेजाऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते ना. ही यादी हाच अभ्यासक्रम झाला. दिवसभर काय केलंत ते सांगा, असं बाई म्हणायच्या. माणसं शेतातलं, स्वयंपाकघरातलं सांगायची. बाई ते लिहून काढायच्या आणि तोच धडा व्हायचा. भिंतीवर संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावून ठेवला होता. वर्ग संपेपर्यंत तो वाचता आला पाहिजे, असा बेत.

आयुष्यभर कुदळ धरलेल्या हातांना पेन्सिल धरता येत नव्हती. जोर जास्त पडायचा आणि पेन्सिली मोडायच्या. मोडू देत, दुसरी घ्या. नाव लिहायला शिकवताना बाई पुठ्ठ्यावर नाव लिहून द्यायच्या आणि त्यावरून बोट, मग पेन्सिल फिरवायला लावायच्या. आपण याला गिरवणं म्हणतो. पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरांवर हेच चालायचं. एके रात्री फळ्यावर सगळ्यांची नावं लिहिलेली होती. पासष्टीची एक बाई उठली, फळ्यापाशी गेली आणि त्या रांगेतलं स्वतःचं नाव बोटानं दाखवलं. हे माझं. रॉबिन्सनबाई पुढे आयुष्यभर हा प्रसंग सांगत असत.

शेतीची कामं नसतात ते दोन-तीन महिने, आठवड्यातून दोन रात्री, दोन-दोन तास. एवढ्या भांडवलावर माणसं कारकुनापुढे उभी राहून कलम वाचायला लागली. शेजारच्या बेटांवरून बोलावणी आली. हे वर्ग ‘नागरिकत्व शाळा’ म्हणून ओळखले जाऊ लागले. १९६१ साली ही सगळी व्यवस्था मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेनं चालवायला घेतली आणि दक्षिणेच्या राज्यांत हजारो माणसांना असे वर्ग चालवायला तयार केलं. त्यात शेतकरी होते, धुणं-भांडी करणाऱ्या होत्या, न्हावी होते. १९६५ साली अमेरिकेत मतदानहक्काचा कायदा झाला तेव्हा किंग यांची भाषणं सर्वांना आठवली. दुकानामागची खोली फारशी कुणाला आठवली नाही.

प्रौढांच्या शिक्षणाचा विषय निघाला, की पंडित मंडळी तीन खण असलेलं कपाट पुढे आणतात. फिलिप कूम्ब्ज या अमेरिकी अभ्यासकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ही मांडणी रूढ केली. शाळा-कॉलेज, इयत्ता, परीक्षा, प्रमाणपत्र हे औपचारिक. त्या चौकटीबाहेरचं, पण ठरवून, हेतू धरून चालवलेलं ते अनौपचारिक : रात्रीचा वर्ग, शेतकऱ्यांचं शिबिर, बचतगटाचं प्रशिक्षण. आणि जगता जगता, न ठरवता अंगी मुरतं ते सहज शिक्षण : सासूकडून पापडाचं पीठ किती घट्ट मळायचं ते, मेस्त्रीच्या हाताखाली ओळंबा कसा धरायचा ते. कपाट सोयीचं आहे, नाही असं नाही. पण जेन्किन्सची बस त्यातल्या कुठल्या खणात ठेवणार? ती सहज सुरू झाली, मध्येच वर्ग झाली, आणि शेवट कारकुनासमोरच्या परीक्षेत झाला. माणसाचं शिकणं खणाखणांत राहत नाही.

हायलँडरच्या नावात ‘फोक स्कूल’ कुठून आलं, हे शोधायचं तर डेन्मार्कला जावं लागतं.

निकोलाय ग्रुंटविग (१७८३–१८७२) हे तिथले पाद्री, कवी, इतिहासकार. देवळात म्हणायची गीतं त्यांनी शेकड्यांनी लिहिली. आपल्या काळातल्या लॅटिन शाळांवर त्यांचा भयंकर राग होता. मेलेल्या भाषेतली मेलेली वाक्यं घोकून घेणारी ती ‘मरणाची शाळा’, आणि हवी ती ‘जगण्याची शाळा’, अशी त्यांची भाषा. इंग्लंडला गेले तेव्हा केंब्रिजमध्ये शिक्षक आणि विद्यार्थी एकाच ठिकाणी राहतात, एकत्र जेवतात, बोलतात, हे त्यांना भावलं. शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठी असं काही का नसावं? ती एकत्र राहतील, आपल्या भाषेत इतिहास ऐकतील, गातील, वाद घालतील. परीक्षा मात्र घ्यायची नाही.

या कल्पनेवरची पहिली शाळा १८४४ साली रॉडिंग या गावी निघाली. गाव जर्मन-डॅनिश सरहद्दीच्या टापूतलं, म्हणजे भाषेचं भांडण तिथं दाराशी आलेलं. पण ग्रुंटविग पडले विचारवंत. शाळा चालवणं हा त्यांचा पिंड नव्हता. ते काम ख्रिस्तेन कोल्ड या चांभाराच्या मुलानं केलं. हा इसम विलक्षण होता. मुलांकडून धर्मपुस्तक घोकून घ्यायला त्यानं नकार दिला, म्हणून त्याला मायदेशी नोकरी मिळेना. मग एका मिशनऱ्याबरोबर नोकर म्हणून तुर्कस्तानातल्या स्मर्ना शहरी गेला, तिथं पुस्तकबांधणी करून चार पैसे साठवले. परतताना आजच्या इटलीच्या टोकाच्या ट्रिएस्ट बंदरात उतरला आणि सामानाची हातगाडी ढकलत पायी डेन्मार्कपर्यंत आला. १८५१ साली रूस्लिंगे गावी त्यानं आपली शाळा काढली. तो शेतकऱ्यांच्या पोरांबरोबर एकाच खोलीत झोपायचा, त्यांच्याच ताटातलं जेवायचा आणि गोष्टी सांगायचा. शिकवायचा म्हणजे मुख्यतः गोष्टीच सांगायचा. हिवाळ्यात शेतं गोठलेली, तेव्हा मुलांची पाळी, उन्हाळ्यात मुलींची.

१८६४ साली प्रशिया आणि ऑस्ट्रियानं मिळून डेन्मार्कचा दणदणीत पराभव केला आणि दक्षिणेचा मोठा मुलूख गेला. खचलेल्या देशात या लोकशाळा झपाट्यानं वाढल्या. मग १८७० च्या दशकात अमेरिका आणि रशियाकडून स्वस्त धान्य यायला लागलं आणि डॅनिश शेतकऱ्याचं गहू-बार्लीचं गणित कोसळलं. त्यानं मोहरा दुधाकडे आणि डुकराच्या मांसाकडे वळवला. १८८२ साली येडिंग गावात शेतकऱ्यांनी पहिली सहकारी दूधडेअरी काढली, आणि पुढच्या दहा वर्षांत शेकडो निघाल्या. या डेअऱ्यांच्या संचालक मंडळांवर लोकशाळेत हिवाळा काढलेले शेतकरी ठिकठिकाणी दिसत. लोकशाळेत लोणी काढायला शिकवत नसत. तरी जो माणूस पाच महिने परक्या गावच्या चाळीस पोरांबरोबर राहिला, भांडला आणि पुन्हा जेवायला एका टेबलावर बसला, त्याला सहकारी संस्थेची सभा चालवणं जड गेलं नसावं. सगळं श्रेय शाळांना देणारे डॅनिश लेखक जरा भाबडे वाटतात, हेही सांगायला हवं; स्वतःची जमीन असलेला आणि बालपणी सक्तीच्या शाळेत अक्षरओळख झालेला शेतकरी तिथं आधीपासून होता. आपल्या सहकारी साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा ज्यांनी पाहिल्यात त्यांना मात्र वाटल्याशिवाय राहणार नाही, की मधे एखादी अशी शाळा असती तर बरं झालं असतं. त्या शाळा डेन्मार्कमध्ये आजही चालू आहेत. परीक्षा नाही, गुण नाहीत, प्रमाणपत्राला बाजारात किंमत नाही. तरी तरुण मुलं पैसे भरून जातात.

मायल्स हॉर्टन हा टेनेसीतला गरीब घरातला तरुण. शिकागोत शिकत असताना त्याला डॅनिश वंशाच्या पाद्र्यांकडून या शाळांची हकीकत कळली. १९३१ साली तो डेन्मार्कला गेला, शाळा बघत फिरला. परत येऊन १९३२ मध्ये माँटईगल गावाजवळच्या डोंगरात त्यानं हायलँडर काढली. आधी खाणकामगार आणि गिरणी कामगार, मग कृष्णवर्णीय आणि गोरे एकाच छपराखाली. खुर्च्या वर्तुळात मांडलेल्या, त्याही डुलत्या. रोझा पार्क्स १९५५ च्या उन्हाळ्यात इथं शिबिराला राहून गेल्या आणि त्याच डिसेंबरात माँटगोमेरीच्या बसमध्ये त्यांनी गोऱ्या उतारूसाठी जागेवरून उठायला नकार दिला. एकदा शिकलं की लगेच उठाव, इतकं हे सरळ नसतं. पार्क्सबाई आधीच पक्क्या कार्यकर्त्या होत्या. पण गोऱ्या माणसांबरोबर एका टेबलावर बसून जेवताना अवघडल्यासारखं होत नाही, हा अनुभव त्यांनी तिथं घेतला होता.

हायलँडरची आणखी एक गोष्ट आपल्या घरात आहे. चार्ल्सटनच्या तंबाखू कारखान्यातल्या संपकरी बायकांनी १९४६ च्या सुमारास एक जुनं भजन हायलँडरला आणलं. हॉर्टनची बायको झिल्फिया हिनं ते उचललं, गायक पीट सीगर आणि इतरांनी शब्द-चाल घासूनपुसून घेतली आणि ‘वुई शॅल ओव्हरकम’ जगभर गेलं. त्याचा हिंदी अवतार तुम्ही-आम्ही शाळेच्या पटांगणात ओळीत उभं राहून म्हटलेला आहे. प्रौढांच्या शाळेतून आलेलं गाणं आपण पोरांच्या परिपाठाला लावलं, यात आपला स्वभाव आला.

टेनेसी राज्यानं १९६१ साली हायलँडर बंद पाडली, मालमत्तेचा लिलाव केला. आरोपांत परवान्याशिवाय बिअर विकल्याचाही एक होता. संस्था दुसऱ्या नावानं पुन्हा उभी राहिली, आजही आहे.

मत आणि अक्षर यांची सांगड ब्राझीलमध्येही होती. तिथं निरक्षराला मतदानाचा हक्क १९८५ साली मिळाला. ईशान्य ब्राझीलच्या दुष्काळी पट्ट्यात आंजिकोस हे गाव आहे. १९६३ च्या सुरुवातीला शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांच्या तुकडीनं तिथं सुमारे तीनशे माणसांना चाळीस तासांत लिहावाचायला शिकवण्याचा प्रयोग केला. वर्ग म्हणायचं नाही, ‘संस्कृती-मंडळ’ म्हणायचं. सुरुवात अक्षरांपासून करायची नाही, गप्पांपासून करायची. विहीर कोणी खणली? डोंगर कोणी केला? मग माणसानं केलेलं कोणतं आणि निसर्गानं केलेलं कोणतं? चिखलाचं भांडं घडवणारा कुंभार संस्कृती घडवतो, म्हणजे तूही घडवतोस. इथवर आल्यावर मग वस्तीतल्या बोलण्यातून वेचलेले शब्द.

फ्रेरे यांच्या पद्धतीचं नेहमीचं उदाहरण ‘तिजोलो’ या शब्दाचं देतात. तिजोलो म्हणजे वीट. आधी विटेवर बोलायचं : कोण पाडतो, कोणाच्या घराला लागते, आपल्या घराला का नाही. मग शब्द फोडायचा : ति-जो-लो. प्रत्येक तुकड्याचं कुटुंब मांडायचं : ता-ते-ती-तो-तू, जा-जे-जी-जो-जू, ला-ले-ली-लो-लू. मराठी वाचकाला हसू येईल, कारण ही तर आपली बाराखडी! इंग्रजीतून शिक्षणशास्त्र शिकलेली आपली मंडळी हे ब्राझीलचं नवल म्हणून सांगतात. नवल पुढे आहे. हा तक्ता समोर ठेवून शिकणाऱ्यांना सांगायचं, आता तुम्ही तुकडे जुळवून शब्द करा. कुणी ‘लोजा’ करतो, म्हणजे दुकान. कुणी ‘लुता’ करतो, म्हणजे लढा. आपली बाराखडी शतकानुशतकं वरून खाली म्हणून घेतली गेली. तिच्यातून तुला काय हवंय ते उचल, असं पंतोजींनी कधी म्हटलं नाही.

आंजिकोसच्या प्रयोगाला पैसा अमेरिकेच्या मदतनिधीतून आला होता. समारोपाला खुद्द राष्ट्राध्यक्ष गुलार आले. देशभर हजारो मंडळं काढायचं ठरलं. १९६४ च्या एप्रिलमध्ये लष्करानं सत्ता घेतली, कार्यक्रम गुंडाळला गेला आणि फ्रेरे यांना सत्तरेक दिवस तुरुंगात ठेवून मग देशाबाहेर जावं लागलं. गाजलेलं ‘पेडागॉजी ऑफ द ऑप्रेस्ड’ त्यांनी चिलीतल्या वनवासात लिहिलं. सोळाएक वर्षांनी ते परत आले.

प्रश्न विचारून शिकवणं आपल्याला परकं नाही. गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहत. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस. कीर्तन म्हणजे सवाल-जवाबच. वऱ्हाडी बोलीत समोरच्या हजारोंना विचारायचं, त्यांच्याकडूनच उत्तर वदवून घ्यायचं आणि त्या उत्तरातूनच त्यांना पेचात धरायचं : देवापुढे बोकड कापता, सावकाराचं कर्ज काढून बारसं-लग्न करता, आणि पोराला शाळेत घालायला पैसे नाहीत म्हणता? श्रोते हसायचे आणि घरी जाऊन अस्वस्थ व्हायचे. बाबा २० डिसेंबर १९५६ ला गेले. जॉन्स आयलंडचा वर्ग त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत सुरू झाला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, मला आपलं दोन तारखा शेजारी ठेवायला आवडतं. तसंच कोल्डची शाळा १८५१ ची, आणि जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या राहत्या घरी शेतकरी-कामगारांसाठी रात्रीची शाळा काढली ती १८५५ ची. नंतर मुंबईत ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगनं, १९११ पासून, गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ, ढोल-ताशे, गुलाल. समारंभानंतर त्या माणसांच्या हातात वाचायला काय पडलं, हा प्रश्न मात्र बहुतेक गावांत विचारायचा राहिला.

२ ऑक्टोबर १९७८ ला देशभर प्रौढ शिक्षणाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. लक्ष्य दहा कोटी माणसांचं. आमच्या आळीतही कंदील, फळा आणि हजेरीचं बुक घेऊन असा एक वर्ग काही महिने भरला. शेजारच्या एक काकू भाकऱ्या उरकून जायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी परत आल्या त्या चिडूनच. पुस्तकात बदक आलं होतं. ‘बदकाचं मी काय करू? रेशनकार्डावर काय लिहिलंय ते सांग म्हणावं,’ असं आईला म्हणाल्या आणि पुन्हा गेल्या नाहीत. हजेरीच्या बुकात त्या वर्षअखेरपर्यंत हजर होत्या. रॉबिन्सनबाईंना पहिल्या रात्री जे उमगलं, ते काकूंनी एका वाक्यात सांगितलं होतं. ऐकायला तिथं कुणी नव्हतं.

क्युबानं १९६१ साली एका वर्षात सात लाखांवर माणसं साक्षर केली. लाखभर शाळकरी पोरं कंदील घेऊन डोंगरात शेतकऱ्यांच्या घरी राहायला गेली. शेवटची चाचणी म्हणजे फिडेल कॅस्ट्रोला पत्र लिहायचं. ती पत्रं हवानात जपून ठेवलेली आहेत. काम थक्क करणारं, यात वाद नाही. पण पहिलं पत्र कोणाला लिहायचं हे ज्या शाळेत आधीच ठरलेलं असतं, तिच्याबद्दल माझ्या मनात किंतु राहतो.

टांझानियात राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांना लोक ‘म्वालिमू’ म्हणत, म्हणजे गुरुजी. तिथं १९७३ साली ‘म्तू नी आफ्या’ नावाची आरोग्यमोहीम झाली. गावोगाव दहा-पंधरा माणसांचे गट रेडिओभोवती बसायचे, बारा आठवडे. कार्यक्रम ऐकायचा, पुस्तिकेतला मजकूर ज्याला येतो त्यानं वाचून दाखवायचा, मग आपल्या गावात हिवताप का होतो, हगवण का होते यावर बोलायचं आणि काय करायचं ते ठरवायचं. सुमारे वीस लाख माणसं यात होती. लाखोंच्या संख्येनं संडासाचे खड्डे खणले गेले, डबकी बुजवली गेली. यातल्या कित्येकांना सही करता येत नव्हती. त्यांना शिकलेलं म्हणायचं की नाही?

आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीपासून निरक्षर माणूस चिन्ह बघून मत देत आला. जॉन्स आयलंडवर किंवा आंजिकोसला जे कारण होतं, ते आपल्या माणसाला नव्हतं, आणि नव्हतं हे चांगलंच झालं. मग त्यानं अक्षर कशासाठी गिरवायचं? याची उत्तरं बायकांनी दिली. तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर बायकांनी सायकल शिकावी, असं जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी मनावर घेतलं. खडी फोडणाऱ्या, शेतमजूर, अंगणवाडीच्या अशा लाखभर बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली मिळेनात तेव्हा पुरुषी सायकली घेतल्या आणि मधल्या दांडीवर पोराला बसवलं. पाण्याचा हंडा, बाजाराची टोपली आता बसची वाट बघत थांबत नव्हती. कागदावर यात अक्षराचा संबंध नाही. पण वर्गाला वेळेवर पोचणाऱ्यांची संख्या कशामुळे वाढली असेल, ते सांगायला नको.

दुसरं उत्तर नेल्लोरचं. आंध्रातल्या या जिल्ह्यात साक्षरतेच्या वाचनपुस्तिकेत सीतम्मा नावाच्या बाईची गोष्ट होती. गावातला दारूगुत्ता बायका एकजुटीनं बंद करतात, अशी. १९९२ च्या सुमारास दुबगुंटा गावच्या बायकांनी ती वाचली आणि हे आपल्या गावात का नाही, असं म्हणत त्या गुत्त्यावर चालून गेल्या. गुत्ता बंद झाला. बातमी गावोगाव पसरली. जिल्ह्यात अर्‍याकचे, म्हणजे देशी दारूचे, लिलाव होईनात. लिलाव हे राज्याच्या महसुलाचं मोठं साधन, म्हणजे सरकारनंच छापलेल्या धड्यानं सरकारच्याच तिजोरीला भोक पाडलं. ऑक्टोबर १९९३ मध्ये राज्यात अर्‍याकबंदी आली, १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी. १९९७ मध्ये ती उठवलीही गेली. तिजोरीला भोक सोसवलं नाही. पण आधी कारण आणि मग अक्षर, की आधी अक्षर आणि मग कारण, असला वाद घालणाऱ्यांनी दुबगुंटाची गोष्ट जवळ ठेवावी. तिथं दोन्ही एकाच पानावर आली होती.

आपल्या ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी लुगडं नेसून, पाठीवर दप्तर घेऊन दुपारी शाळेत येतात. फोटो सगळ्यांनी पाहिलेत, आणि फोटो काढणाऱ्यांनी त्यांना जरा जास्तच गोंडस करून ठेवलंय. नातवंडांची थट्टा आणि पाहुण्यांचं कौतुक, दोन्ही पचवून त्या पाटीवर आपलं नाव काढतात. बँकेत आता अंगठा नको, सही करायची, एवढंच त्यांच्यातल्या कित्येकींचं म्हणणं असतं. ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द आपण चेष्टेनं वापरतो. ज्याच्या बोटाला बँकेतल्या कारकुनानं हात धरून शाई लावलेली असते, त्याला त्यातली चेष्टा कळत नाही.

जगात आज पंचाहत्तर कोटींच्या आसपास प्रौढ माणसं अशी आहेत, की ज्यांना साधं वाक्य लिहितावाचता येत नाही. त्यात दर तिघांत दोघी बायका.

एसॉ जेन्किन्स १९७२ साली वारले. बेटावरून माणसं ने-आण करायला ते पुढे फोक्सवॅगनची एक व्हॅन वापरत. ती गाडी त्यांच्यामागे कितीतरी वर्षं उन्हापावसात गंजत पडली होती. तिचे पत्रे आता वॉशिंग्टनमध्ये, आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात, ठेवलेले आहेत.